तुरेवाल्यांचा जवाब

४ ऑगस्ट

आज एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात माझ्या वडिलांचं नाव ऐकलं.

दादा जाऊन तीसेक वर्षं झाली. महाडमध्ये आमच्या घराबाहेर त्यांना चेहऱ्याने ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही. आणि दुकानाबाहेर टांगलेल्या स्पीकरमधून एक मुलगी घसा खरवडून गात होती:

दाजीबा एजंटा, तुझी थैली कितीक भरली?
सावित्री माय पुसते, माझी लेकरं का बुडवली?

मी तिथेच उभी राहिले. मागून गिटार, ढोलकी आणि बादली बडवल्यासारखा आवाज. दुकानदाराला विचारलं, हे कोणाचं गाणं? तो म्हणाला, "कातळ बँडचं आहे मॅडम, सगळीकडे वाजतंय." मी म्हटलं, सगळीकडे साथही पसरते, म्हणून आपण ती विकायला ठेवत नाही. तो हसला. माझं बोलणं लोकांना नेहमी विनोद का वाटतो कोण जाणे.

घरी येताना रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या.

५ ऑगस्ट

सुनीलने फोनवर गाणं शोधून दिलं. सुनील माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, वकील आहे, महाडच्याच कोर्टात असतो. व्हिडिओ सावित्री नदीच्या काठी, तुडीलच्या बाजूला कुठेतरी काढलाय. चिखलात उभं राहून गिटार वाजवण्याचं प्रयोजन कळलं नाही.

गाणं १९५८ सालच्या लाँचच्या अपघातावर आहे. त्या वर्षी गौरी-गणपतीला मुंबईहून गावी निघालेली माणसं समुद्रमार्गे खाडीच्या तोंडापर्यंत आली. पावसाने रस्ता तुटला होता. पुढे नदीतून वर येणारी भरगच्च लाँच तुडीलच्या खालच्या वळणावर कलंडली आणि माणसं बुडाली. बहुतेक माणसं पोलादपूरच्या डोंगरातली. खालच्या धक्क्यावर त्या लाँचचे एजंट माझे वडील होते. ही सगळी माहिती मला मोठेपणी, तीही तुकड्यातुकड्यांनी मिळाली. दादांवर खटला झाला नाही. लाँच म्हातारी होती, नदीला फुगवटा होता, असं चौकशीत निघालं. दादांनी एजन्सी सोडली आणि महाडला कौलांची वखार घातली. एवढंच.

गाण्यात मात्र दोनच ओळी जुन्या बाजाच्या आहेत. बाकी सगळं आजचं. ध्रुवपद असं:

सरका, आत सरका, अजून एक बसंल,
जीपला एक लटकंल, खोलीत एक घुसंल,
डोंगर कापून बंगला, अजून एक बसंल.

पुढे बिरवाडीतल्या एका खोलीत तीन पाळ्यांचे कामगार एकाच गादीवर आळीपाळीने झोपतात, त्यावर कडवं आहे. मग सणाच्या एसट्या. मग दरडी. कल्पना वाईट नाही, हे कबूल करते. पण आजच्या लोकांची हाव दाखवायला माझ्या बापाला पुन्हा धक्क्यावर उभं करायची काय गरज होती?

व्हिडिओखाली मी इंग्रजीत तीन परिच्छेदांचा अभिप्राय लिहिला. व्याकरण दोनदा तपासलं. उत्तरादाखल कोणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आहे.

८ ऑगस्ट

सुनील म्हणतो, "मेलेल्या माणसाची बदनामी कोर्टात उभी करणं कठीण असतं आत्या. पण नोटीस पाठवू. पोरं आहेत, घाबरतील." ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी महाडच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे, तो त्याआधी थांबवायचा. मी हो म्हटलं. एकच अट घातली, की नोटीस मी वाचल्याशिवाय जाणार नाही. वकिलांना मराठी येत नाही हा माझा जुना अनुभव.

त्यांच्यावर नेमका काय आरोप ठेवायचा, ते पाहण्यासाठी गाणं पुन्हा ऐकावं लागलं. चालीत काहीतरी खटकतं. ‘पुसते’ या शब्दावर आवाज खाली येतो तो कुठल्याही सिनेमातला नाही. असं खाली येणं मी कुठे ऐकलंय?

१० ऑगस्ट

अभिप्रायाखाली त्या गाणाऱ्या मुलीचं उत्तर आलं. नाव तेजश्री. लिहिते, ‘आजी, आम्हाला तुम्हाला भेटायचंय. प्लीज.’ सोबत फोन नंबर.

मी कोणाची आजी नाही. फोन केला तो हे सांगण्यासाठीच. पण समोरून आवाज इतका अदबशीर आला की मुद्दा राहून गेला आणि मी बुधवारी येते म्हणून बसले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकले. खोटा आवाज पहिल्या हॅलोला कळतो. हा खोटा नव्हता. त्यामुळे जास्तच राग आला.

१३ ऑगस्ट

बिरवाडीला जाऊन आले. तेजश्री एका चाळीच्या माडीवर भाड्याने राहते. कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. मूळ गाव पोलादपूरच्या वर डोंगरात, सगळे नातलग विक्रोळीला. ढोलकी आणि ड्रम वाजवणारा अश्वजित महाडचाच. गिटारवाला साहिल रजेवर होता. खोलीत बसायला एकच खुर्ची, ती मला दिली. ती दोघं खाली बसली. त्यामुळे मला भांडायला फार उंचावरून बोलावं लागलं.

मी विचारलं, माझ्या वडिलांनी लोभापायी माणसं भरली याचा तुमच्याकडे काय आधार आहे?

तेजश्री एकदम पांढरी पडली. म्हणाली, "दाजीबा खरा होता?"

मग कळलं ते असं. ती ओळ तिला तिच्या आजीकडून मिळाली. लहानपणी विक्रोळीच्या खोलीत आजी भांडी घासताना म्हणायची. मुलीला वाटलं, गाण्यात सखू असते, राघू असतो, तसा हा दाजीबा. कोणीही एक एजंट. पुढे तिने अपघाताची माहिती शोधली, साल शोधलं, जुनी माणसं गाठली. पण एजंटाला खरंखुरं नाव असेल आणि त्या नावाला मुलगी असेल, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिने दादांना शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझा बाप होता की नव्हता इथपासूनच प्रश्न.

अश्वजित म्हणाला, "मॅडम, नाव बदलू का आपण? मीटरमध्ये ‘बाळोबा’ बसतंय." तेजश्रीने त्याला कोपर मारलं. मी म्हटलं, बाळोबाची मुलगी आली तर तिला कोण चहा पाजणार?

चहा चांगला होता. आजीचा नंबर घेऊन आले. मला फक्त एवढं जाणून घ्यायचंय, की भांडी घासताना म्हणण्याइतकं हे गाणं त्या बाईच्या तोंडात बसलं कसं.

१७ ऑगस्ट

सोनाबाईंशी, म्हणजे तेजश्रीच्या आजीशी फोनवर बोलणं झालं. ऐंशी पार केली आहे, पण आवाज खणखणीत. मी दाजीबांची मुलगी, असं सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ फक्त प्रेशर कुकर ऐकू आला. मग म्हणाल्या, "म्हंजे तू पाचगणीवाली."

मी थक्क झाले. यांना माझी शाळा कशी ठाऊक?

त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. गाण्याचं मात्र दिलं. अपघातानंतरच्या वर्षी त्यांच्या खोऱ्यात गौरीला शक्ती-तुऱ्याचा सामना झाला. हा नाच मी लांबून पाहिला आहे, ‘पुसते’वरचं ते खाली येणं तिथेच ऐकलेलं. पायात चाळ बांधून पुरुष रिंगण धरतात, मध्ये बुवा ढोलकीवर गातो. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एक सवाल घालतो, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. सवाल जितका झोंबणारा तितका चांगला. समोरच्याच्या आईबापापर्यंत गेलं तरी चालतं, पण जवाब आल्यावर विषय संपला. सोनाबाईंचे सासरे शक्तीवाल्यांचे बुवा. दादांच्या नावाच्या त्या ओळी म्हणजे त्यांनी घातलेला सवाल.

"ही काय हकीगत नाय गो," सोनाबाई म्हणाल्या. "सवाल हाय तो. पोरीनं उचलला आन गायली. मी तिला म्हनलं बी, आर्धाच हाय. ती म्हनली, आजी, एवढाच बरा वाटतो."

मी विचारलं, मग तुरेवाल्यांनी जवाब काय दिला?

त्या म्हणाल्या, "मी शक्तीवाल्यांची सून. दुसऱ्यांचा जवाब मी कशाला तोंडात घेऊ?"

पासष्टाहून अधिक वर्षं झाली, नवरा गेला, सासरा गेला, गाव सुटलं, आणि या बाई अजून त्या बाजूच्या शब्दाचा विटाळ मानतात. मी फोन ठेवून एकटीच हसले. मग हसू थांबलं. म्हणजे जवाब आहे. कोणीतरी माझ्या वडिलांच्या बाजूने उभं राहून गायलं होतं, आणि ते मला कोणी सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट

तेजश्रीला फोन करून सांगितलं, की तू फिर्याद ऐकलीस आणि निकाल छापलास. ती म्हणाली, जवाब मिळेपर्यंत ती गाणं थांबवून ठेवेल. सुनीलला म्हटलं, नोटीस राहू दे. त्याला वाटतं मी म्हातारपणी मऊ पडले.

पाऊस फार. नदी इशाऱ्याच्या खुणेजवळ. शेजारच्या चंपाबाईंनी फ्रिज पाटावर चढवून ठेवला.

२६ ऑगस्ट

तुरेवाल्यांचा शोध चालू. पोलादपूरच्या पोस्टात, एसटीच्या चौकशी खिडकीवर, सव गावच्या गरम कुंडाशी पाय शेकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी. सगळीकडे एकच उत्तर, "ती पिढी गेली." एकाने तर मलाच विचारलं, बाई, तुम्ही सिनेमा काढताय का?

शेवटी अश्वजितच्या ओळखीतून एक नाव मिळालं. महिपत बुवा. डोंगरावरच्या वाडीत, सुनेजवळ राहतो. गणपती उठल्याशिवाय कोणाला भेटत नाही.

१ सप्टेंबर

आज गौरी जेवल्या. चंपाबाईंकडून पुरणपोळी आणि घाटलं आलं. आमच्याकडे गौर आणत नाहीत. तशी पद्धतच नाही. पण आज माळ्यावरून मोठं पातेलं काढताना मागे गौरीचा पितळी मुखवटा दिसला, फडक्यात बांधलेला. आईच्या माहेरचा असणार.

सोनाबाईंना ‘पाचगणीवाली’ कसं ठाऊक, हे डोक्यातून जात नाही. मला पाचगणीच्या शाळेत घातलं ते अठ्ठावन्न साली, वर्षाच्या अध्येमध्येच. वर्ग सुरू होऊन तीन महिने झालेले. सिस्टर मला सगळ्यांत मागे बसवायच्या कारण पुस्तकंच नव्हती. दादांना इंग्रजीचं फार कौतुक, त्यांना धीर धरवला नाही, असं आई सांगायची.

९ सप्टेंबर

सविस्तर लिहायला हवं.

सुनीलच्या गाडीने पोलादपूर, तिथून वर जीप. जीपमध्ये ‘सरका, आत सरका’ झालंच, तेव्हा मला हसू आलं आणि शेजारचा बाप्या रागावला. शेवटची चढण पायी.

महिपत बुवा नव्वदीच्या घरातला, पडवीत बाकड्यावर ताठ बसलेला. पांढरी टोपी, कानात भिकबाळी. मला बघून पहिला प्रश्न, "कंच्या बाजूच्या?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही. मी महाडहून आले आहे.

"मंग आल्या कशाला?"

मी सगळं सांगितलं. दाजीबांची मुलगी, हेही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, जवाब त्याचाच होता. त्यानेच बांधला, त्यानेच गायला. पण असा सांगता येत नाही. मी म्हटलं, गाऊ नका, नुसते शब्द सांगा. तो म्हणाला, शब्द येणारच नाहीत. सवाल पडल्याशिवाय जवाब उठत नाही. समोरच्याने सवाल घालायचा, मग त्याने.

मला वाटलं, म्हातारा भाव खातोय. त्याची सून ठकूबाई चहा घेऊन आली, ती म्हणाली, "नाय ऐकायचा तो, बाय. लगीन होऊन आल्यापासनं मी मागं लागली हाय, मला बी नाय ऐकवला."

मी म्हटलं, सवालवाली मुलगी बिरवाडीला आहे, तिला पुढच्या आठवड्यात आणते. तो म्हणाला, "आना. तवर मी ऱ्हातो का बघा."

आणि मग मला समजलं की दुसरा इलाज नाही. तो सवाल मला येत होता. शब्द न् शब्द. गेला महिनाभर पुरावा म्हणून ऐकत होते ना.

पाचगणीच्या प्रार्थनामंदिरात उभं राहून गायल्यानंतर मी कोणासमोर गायले नव्हते. आजही दोन्ही हात पुढे बांधून उभी राहिले, सिस्टरनी शिकवलं होतं तशी. आणि एका परक्याच्या पडवीत माझ्या बापाला विचारलं, दाजीबा एजंटा, तुझी थैली कितीक भरली.

बुवाने मला मध्येच थांबवलं. म्हणाला, "‘पुसते’वर दम घ्या. तिथं नदी बोलाय लागते." मी पुन्हा सुरू केलं. तो बाकड्यावर पंजाने ठेका धरू लागला. दुसऱ्या वेळी माझा आवाज कापला नाही. मलाच आश्चर्य वाटलं. सवाल घालताना एक वेगळाच जोर येतो, समोरच्याने खरं बोललंच पाहिजे असा. माझ्या नकळत मला तो प्रश्न खरोखरच विचारायचा होता की काय?

मग तो उठला. ठकूबाईने हात दिला, तो झटकला. आवाज फाटका, पण सूर जागेवर:

नाय म्हणला दाजीबा, आम्ही धरलं त्याचं पाय,
उद्या गौर येते घरा, रातभर इथं बसू काय?
नाय म्हणून हो म्हणला, त्याचा गुन्हा त्याच्या माथी,
पाय धरून चढलो आम्ही, आमचा न्याव कुणा हाती?

ठकूबाई दाराला टेकून ऐकत होती. पदर तोंडाशी.

मी काय अपेक्षा करून गेले होते? दादा निर्दोष होते, असं. लाँचवाल्याने दडपण आणलं, किंवा दादा त्या दिवशी धक्क्यावर नव्हतेच, असं काही. जवाबात ते धक्क्यावर आहेत. थैलीचा शब्दसुद्धा नाही, म्हणजे लोभ नाही. पण ‘हो’ आहे.

मी विचारलं, हे खरं आहे का, की सामना जिंकायला बांधलं?

तो म्हणाला, "माजा थोरला भाव व्हता ना थितं. पाय धरनाऱ्यांत."

मग?

"मंग काय. चढला."

त्याने टोपी काढून पुन्हा नीट घातली. मी विचारलं, सामना कोण जिंकलं? कोणीच नाही, तो म्हणाला. जवाब झाल्यावर शक्तीवाल्यांच्या बुवाने ढोलकी खाली ठेवली. समोर बसलेल्यांत प्रत्येक घरचं कोणीतरी गेलेलं. सवाल घालणारी आणि पाय धरणारी माणसं सगळी एकाच वाडीतली. दोन्ही बाजूंनी ते पुन्हा कधी गायलं नाही. शक्तीवाल्यांच्या बायकांनी सवाल तेवढा घरात जपला, कारण सवालात दोष दुसऱ्याचा असतो.

निघताना त्याने विचारलं, "बापानं हे कदी सांगितलं नाय तुमाला?" मी म्हटलं, मी शिकायला बाहेर होते. तो म्हणाला, "व्हय. धाडलीच व्हती तुमाला."

१२ सप्टेंबर

तीन दिवस घराबाहेर पडले नाही. चंपाबाई विचारून गेल्या.

सुनील आला. त्याला जवाब ऐकवला. म्हणाला, "आत्या, हा कोणाला देऊ नकोस. सवाल म्हणजे नुसती टीका, ती खोडता येते. हा तर कबुलीजबाब आहे. यात आजोबांनी माणसं चढवली हे दोन्ही बाजूंनी शाबीत होतं." कायद्याने त्याचं बरोबर असेल. मी त्याला विचारलं, तुझे आजोबा कसे होते रे, तुला आठवतं? तो म्हणाला, गप्प.

गप्प होते. मला वाटायचं, माझ्या इंग्रजी बोलण्यापुढे त्यांना संकोच वाटतो.

खोडता येणारी खोटी गोष्ट मिळवायला मी डोंगर चढले होते का, की खरी? आता मिळाली आहे तर तिचं करायचं काय? ‘नाही’ म्हणून ‘हो’ म्हणणारा माणूस लोभी माणसापेक्षा चांगला का वाईट? उद्या गौर येणार म्हणून पाय धरणाऱ्याला ‘नाही’च म्हणत राहायला किती कठोर असावं लागतं? मी असते तर ‘नाही’वर राहिले असते. माझ्यात तेवढा कठोरपणा आहे, खात्यातले लोक साक्ष देतील. माणसं वाचली असती आणि मला जन्मभर शिव्या दिल्या असत्या.

१६ सप्टेंबर

तेजश्री, अश्वजित आणि साहिल घरी आले. साहिल म्हणजे केस बांधलेला, अबोल, पोहे दोनदा घेतो. तेजश्रीने आल्या आल्या सांगितलं, की त्यांनी ठरवलंय, दाजीबाचं नाव काढायचं. ‘एजंटबाबा’ घालणार. मीटरमध्ये बसतं. मला त्रास नको.

महिन्यापूर्वी मी यासाठी कोर्टात जायला निघाले होते. आज तेच ऐकलं आणि पटेना. नाव काढलं तर उरतं काय? एक एजंट, एक थैली. सिनेमातला दुष्ट माणूस.

मी म्हटलं, नाव राहील. आणि सवालाच्या शेवटी जवाबही राहील. नसेल गायचा तर सवालही गायचा नाही. ही माझी नोटीस समजा.

मग त्यांना जवाब म्हणून दाखवला. तेजश्रीने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, आपलं गाणं चुकलं. आपण ‘सरका’ म्हणणाऱ्यांवर बोट ठेवलं, पण चढणारेही आपणच. शेवटचं कडवं बदलायला हवं.

अडचण वेगळीच निघाली. जवाब गायचा कोणी? तेजश्रीने आजीला फोन लावला. सोनाबाईंनी साफ सांगितलं, शक्तीवाल्यांच्या लेकीने सवाल घातला तर जवाब तिने गायचा नाही. एकाच तोंडाने दोन्ही म्हटलं की ते नुसतं गाणं होतं, सामना राहत नाही. मुलगी हसेल असं मला वाटलं, पण तिने मान डोलावली. साहिल गात नाही. अश्वजित म्हणाला, "मी गाईन, पण मग लोक सभागृह सोडून जातील."

तिघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आधी पोहे संपवा.

२१ सप्टेंबर

महिपत बुवाला ठकूबाईच्या फोनवर निरोप दिला. विचारलं, त्याचा जवाब मी गायला तर चालेल का. तिकडून हसण्याचा आवाज आला. म्हणाला, "आता तुमी तुरेवाल्या झालात. सवालाला भ्यायचं नाय."

मी कुठल्याही बाजूची नाही, असं सांगणार होते. फोन बंद झाला होता.

३० सप्टेंबर

तालीम. ‘त्याचा गुन्हा त्याच्या माथी’ या ओळीपाशी मी मागे पडते. अश्वजित न थांबता ठेका चालू ठेवतो आणि मी पुढच्या फेरीत शिरते. कोणी सहानुभूती दाखवत नाही, हे त्यांचे उपकारच. फक्त साहिल आज म्हणाला, "मावशी, ती ओळ हळू म्हणा, आम्ही थांबतो." आजीवरून मावशीवर आले, म्हणजे प्रगती आहे.

सुनील रागावला आहे. म्हणतो, घराण्याचं नाव चव्हाट्यावर. मी म्हटलं, नाव आधीच स्पीकरवर होतं, मी फक्त पुढची ओळ देते आहे.

६ ऑक्टोबर

काल कार्यक्रम झाला.

सभागृह भरलं होतं. निम्मी पोरं, निम्मी डोंगरातून जीप करून आलेली माणसं. ती कशी काय आली, मला कळलं नाही. ठकूबाईचं काम असणार. सुनील येणार नाही म्हणाला होता. मागच्या दाराशी उभा दिसला.

मला स्टेजच्या उजव्या बाजूला उभं केलं, तेजश्री डाव्या बाजूला. ओळख करून देऊ नका, असं मी सांगितलं होतं. पण सवाल घालण्याआधी तिने माइकवर एवढंच सांगितलं की समोर उभ्या आहेत त्या दाजीबांच्या कन्या. सभागृहातली कुजबूज मला ऐकू आली. मग तिने सवाल घातला, माझ्याकडे बघत, अजिबात सूट न देता. चांगलं शिकली आहे.

मी जवाब गायला. बरा गायला असावा. ‘आमचा न्याव कुणा हाती’ झाल्यावर पोरांनी टाळ्या सुरू केल्या, पण डोंगरातली माणसं टाळ्या वाजवेनात, म्हणून पोरंही थांबली. मग अश्वजितने ढोलकी हळूच खाली ठेवली. हे तालमीत ठरलेलं नव्हतं.

खाली उतरल्यावर लोक भेटले, फोटो काढले. एकाने विचारलं, तुम्ही क्लासिकल शिकलात का. मी म्हटलं, नाही, राग जन्मजात आहे. मग गर्दी ओसरली आणि एक म्हातारी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. नाकात नथ, अंगावर नवी नऊवारी, हातात नातवाचा हात धरलेला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नाव बनुबाई. तिने मला नीट न्याहाळलं.

"दाजीबाची ल्येक तू?"

मी म्हटलं, हो.

"माजी आय त्या लाँचीत व्हती."

मी तिची क्षमा मागायची की नाही? जवाबात त्याचं उत्तर नाही. ती रागावली आहे का, हे चेहऱ्यावरून ओळखता येईना.

ती म्हणाली, "आमच्या घरात लई वर्सं त्याला शिव्या घालायचं. माजा बा तर रोज. मी बी घातल्या." मग माझ्या मनगटाला हात लावून तिने विचारलं, "त्यो मागनं जेवायचा का गो नीट?"

ती खरंच विचारत होती. उत्तरासाठी थांबली होती.

सुट्टीत मी दोन महिने घरी असायचे तेव्हा दादा आमच्या पंक्तीला बसत नसत, एवढं आठवतं. मी त्याचा कधी अर्थ लावला नव्हता. बाकीचे दहा महिने ते काय खात होते, कसे झोपत होते, कोणाच्या शिव्या ऐकत वखारीत जात होते, मला काहीच माहीत नाही. त्यांनी ते माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही. घाट चढवून पलीकडे ठेवलं मला.

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते, त्यांनी मला शाळेला बाहेर धाडलं होतं.

बनुबाईने मान हलवली. म्हणाली, "बरं केलं त्यानं."

आणि नातवाचा हात धरून जीपकडे गेली.